दोनशे चौदा जण ‘येतो’ म्हणाले

पांढरकवड्यात सध्या माझ्याविषयी जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे. ‘नीळकंठराव रिटायर झाल्यापासून माजले, फोनवर ओळखसुद्धा देत नाहीत’ हे साफ खोटं. ‘नीळकंठरावांच्या भरवशावर नागपूरचा डॉक्टर आला आणि दोनशे रिकाम्या खुर्च्यांचे डोळे तपासून गेला’ हे मात्र दुर्दैवानं बरंचसं खरं आहे. तेव्हा एकदाचं सगळं क्रमानं सांगून टाकतो, म्हणजे प्रकरण नस्तीबद्ध होईल.

सुरुवात हातोड्यापासून झाली. आमच्या घराला लागून जफरभाईंचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. नागपूर-हैदराबाद हायवेवर ज्या ट्रकचं म्हणून काही वाकतं, ते सगळं आमच्या भिंतीपलीकडे सरळ होतं. त्यांची मुलगी मुस्कान कॉम्प्युटर इंजिनीअर झाली आणि जानेवारीत तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. नोकरी पुण्याची, पण काम घरूनच करायचं. मी महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कार्यालयात जाऊन काम न करणारे खूप पाहिले होते, कार्यालयात न जाता काम करणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

तर एके दिवशी जफरभाई मुलीला घेऊन आले.

“नीळकंठभाऊ, हिची रोज साहेबासंग मिटिंग असते, अन् इकडं माहा हातोडा. परवा साहेब इचारते का, मॅडम, तुमच्याकडं बँड वाजून राह्यला काय म्हणून. आता मी काय हातोडा मुक्यानं मारू?”

माझी बायको रत्नप्रभा आतून म्हणाली, “वरची खोली रिकामीच त हाय. देऊन टाका.”

खोली रिकामी होती म्हणजे तिच्यात गव्हाच्या दोन कोठ्या, एक मोडका पाळणा आणि माझ्या चौतीस डायऱ्या होत्या. डायऱ्या पलंगाखाली गेल्या, गहू जिन्याखाली गेला आणि मुस्कान वर आली. मी फक्त एक खोली देत होतो. त्यातून एवढं वाढेल हे ठाऊक असतं तर आधी टिपणी ठेवून मंजुरी घेतली असती.

पहिली अडचण इंटरनेटच्या वायरीची. ती आमच्या घरी यायला एकच वाट होती, शेजारच्या विमलताईंच्या गच्चीवरून. विमलताईंनी लगेच होकार दिला, तिथंच मला संशय यायला हवा होता. “जाऊ द्या वायर, पण आली हाय त तिले काही कामाले लावीन मी,” एवढंच त्या म्हणाल्या. मार्चमध्ये त्यांनी तिच्यावर दोन ओल्या सतरंज्या आणि एक गोधडी वाळत घातली. वायर ताणली आणि तिकडे पुण्यात सतरा माणसांसमोर मुस्कान तोंड उघडं ठेवून थिजली. मी असतो तर विमलताईंना रीतसर नोटीस काढली असती. ही पोरगी जिना उतरली, गॅरेजमधून नायलॉनची दोरी आणली, विमलताईंच्या गच्चीवर वायरच्या बाजूला, वायरपेक्षा उंच, छान ताणून बांधली, गोधडी स्वतः झटकून तिच्यावर टाकली आणि सहा मिनिटांत परत सतरा माणसांसमोर जाऊन बसली. विमलताई आजही म्हणतात, कॉम्प्युटरवाल्यांची दोरी बाकी मजबूत असते.

तेव्हापासून मी तिच्याकडे जरा लक्ष देऊन पाहू लागलो. रोज सकाळी दहाला त्यांची ‘स्टँडअप’ नावाची मिटिंग असे. पहिल्या दिवशी आदर म्हणून मी दाराबाहेर उभा राहिलो. ती मात्र आत बसूनच बोलत होती. त्यात प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलं ते सांगायचं. कुठे अडलं हे रोज सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं! आमच्या खात्यात ही गोष्ट निवृत्तीच्या भाषणातसुद्धा सांगत नाहीत. शिवाय तिच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. तिच्यावर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘चुका’. आत तारीखवार नोंदी. मी आयुष्यात आवक-जावकपासून भटक्या गुरांपर्यंत सगळ्यांची रजिस्टरं ठेवली, पण असलं रजिस्टर ठेवायची छाती मला झाली नाही.

“कायले लिहितेस हे?” मी विचारलं.

“एक वर्ष प्रोबेशन आहे ना काका. डिसेंबरअखेर ठरवतील, ठेवायचं का नाही. तीच चूक परत नको व्हायला.”

परिवीक्षा कालावधी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. त्या काळात माणूस शिंकला तरी गोपनीय अहवालात येतं. “आणि नाही ठेवलं तर?”

“तर दुसरीकडे शोधीन. मला काही नाही वाटत,” ती म्हणाली आणि मग हळूच म्हणाली, “पण अब्बांनी सगळ्या हायवेला सांगून ठेवलंय.”

ते खरं होतं. नागपूर ते हैदराबाद, जो ट्रक गॅरेजवर थांबे, त्याच्या ड्रायव्हरला टायर बदलायच्या आधी ‘माही पोरगी सॉफ्टवेअरमध्ये हाय’ हे ऐकावं लागे. म्हणजे नोकरी गेली असती तर ती पाचशे किलोमीटर लांबीची गेली असती.

ऑक्टोबरात तिच्यावर पहिलं मोठं काम आलं. एक डोळ्यांचं हॉस्पिटल गावोगाव मोफत तपासणी शिबिरं घ्यायचं. त्यांना असा प्रोग्राम हवा होता, की तो शिबिराच्या आदल्या दिवशी लोकांना आपोआप फोन करील, ‘उद्या येणार का’ विचारील, उत्तर ऐकून समजून घेईल आणि यादी तयार करील. पहिली चाचणी कुठे घ्यायची? मुस्काननं पांढरकवडा सुचवलं. तिचे साहेब, मंदार नावाचे, लगेच हो म्हणाले.

पण पहिल्याच तालमीत पंचाईत झाली. फोनवर बोलणारा बाईचा आवाज कंपनीनं तयार घेतला होता. तो इतका गोड होता, की लोकांना वाटे, ही काहीतरी गळ्यात मारायला आली. शंभरातले ऐंशी जण ‘नमस्कार’ ऐकूनच फोन कापत.

दुसऱ्या दिवशी मुस्कान खाली आली. “काका, तुमचा आवाज पाहिजे.”

इथे माझ्या आवाजाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, आत्मस्तुतीचा दोष पत्करून. तीस वर्षं या तालुक्यात झेंडावंदन असो, शाळेचं गॅदरिंग असो, सातबारा वाटप असो, माईकवर मी. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचा माझ्याइतका स्पष्ट उच्चार वर्धा नदीच्या अलीकडे कुणी करीत नाही, असं एका जिल्हाधिकाऱ्यांनी म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मुस्कानचं म्हणणं असं, की सगळ्यांच्या ओळखीचा, वडीलधारा आवाज असला की लोक फोन कापणार नाहीत. किती अचूक निदान! पुण्यात सतरा जणांना हे सुचलं नव्हतं.

खोलीत आवाज घुमू नये म्हणून मला अंगावर जाड रजई घेऊन बोलायचं होतं. ऑक्टोबर हीटमध्ये मी रजईखाली बसून एकूण सेहेचाळीस वेळा म्हणालो, “नमस्कार. मी नीळकंठराव बोलतो आहे. उद्या नेत्रतपासणी शिबिराला आपण येणार आहात का?” मग, “कृपया होय किंवा नाही सांगा.” मग, “धन्यवाद. आपली नोंद झाली.” मी मध्ये ‘महोदय’ आणि ‘कळविण्यास आनंद होतो’ घालून पाहिलं, पण तिनं ते मोठ्या अदबीनं काढून टाकलं. सेहेचाळिसाव्या वेळी रत्नप्रभा लिंबू-पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “पोरी, यांची नोंद झाली असन त बाहेर काढ आता. उकडले असतीन.”

एक प्रश्न उरला होता. आपल्याकडचा माणूस एका वाक्यात उत्तर देत नाही. आधी ‘हो हो’ म्हणतो, मग आत विचारतो, मग म्हणतो, ‘नाई जमत बाप्पा.’ मग प्रोग्रामनं कोणतं उत्तर खरं धरायचं? मुस्काननं नियम लिहिला: माणूस शेवटी जे म्हणेल ते खरं. मला विचारलंही. मी म्हणालो, वा, तालुक्याचा स्वभाव बरोबर ओळखलास. हे मी इथे मुद्दाम नमूद करतो. नियम तिचा होता, पण त्याला शिफारस माझी होती.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दोनशे साठ लोकांना माझा आवाज गेला. जवळजवळ कुणी फोन कापला नाही. संध्याकाळी यादी आली: येणार, दोनशे चौदा! मंदार साहेबांनी पुण्याहून तिला शाबासकी कळवली. जफरभाईंनी उभ्या असलेल्या तीन ट्रकांना कळवलं.

आता दोनशे चौदा माणसं बसवायची म्हणजे सभागृह पाहिजे. ते मी आधीच मिळवून ठेवलं होतं. ज्यांच्या ताब्यात होतं त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथला टेबलावरचा माणूस माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं माझा अर्ज तीन प्रतींत मागितला, तिसऱ्या प्रतीवर कार्बनचा डाग आहे म्हणून परत केला आणि माझ्या नावापुढे लाल शाईनं ‘सेवानिवृत्त’ असं लिहिलं. हे सगळे नियम मीच त्याला शिकवले होते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मंडप डेकोरेशनवाल्या देवीलालकडून दोनशे वीस खुर्च्या आणल्या. रत्नप्रभा आणि मुस्कानची आई नसरीनभाभी, दोघींनी मिळून सव्वादोनशे माणसांचे पोहे भिजवले आणि त्यावर ओतायला एवढी तर्री केली, की गल्लीतल्या मांजरींनाही ठसका लागला. जफरभाई जनरेटर घेऊन हजर होते. नागपूरहून डॉक्टर आले, तीन मदतनीस आले.

नऊ वाजले. दहा वाजले. अकराला देवीलाल माझ्याजवळ आला.

“साहेब, खुर्च्या त मी मोजून घेतल्या. माणसं कवा मोजू?”

माणसं तेवीस आली होती. त्यातली नऊ अशी होती, की त्यांना फोन गेलाच नव्हता. ती पोह्यांच्या वासानं आली होती. दोन जण जनरेटर बघायला आले होते. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी साडेअकरापर्यंत सगळ्यांचे डोळे तपासले, मग देवीलालचे तपासले, मग वेळ उरला म्हणून माझे तपासले आणि म्हणाले, “तुम्हाला लांबचं नीट दिसत नाही.” मी म्हणालो, “ते माझ्या लक्षात आलंय.”

त्या संध्याकाळपासून दोन दिवस आमच्या गल्लीत तिन्ही त्रिकाळ तर्री-पोहेच होते. पण खरी नामुष्की पुढेच होती. सोमवारी बाजारात गेलो, तर लोक माझ्याकडे बघून मान फिरवू लागले. वास्तविक रागवायचा हक्क माझा! शेवटी श्रावण नावाच्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याला मी आडवा गेलो.

“काय रे श्रावण, काल आला नाहीस?”

“तुमी बोलूच नका भाऊ,” तो फणकारला. “फोनवर मी इचारलं, गुडघा कसा हाय तुमचा? तुमी म्हणता, होय किंवा नाही सांगा. मी म्हटलं, वहिनी बऱ्या हायेत ना? तुमी पुन्हा तेच. मोठे झाले तुमी, आमचं काही नाई.” आणि तो चालता झाला.

म्हणजे माझ्या आवाजाशी दोनशे साठ माणसं मनापासून गप्पा मारत होती आणि माझा आवाज त्यांच्यावर एकच प्रश्न परत परत फेकत होता. तीस वर्षांची पुण्याई एका शनिवारी गेली. मी घरी आलो आणि कोणाशीही न बोलता पालथा पडून राहिलो.

मुस्कान मात्र पडून राहिली नव्हती. लोकांशी झालेल्या बोलण्याची रेकॉर्डिंगं कंपनीजवळ होती. ती मिळवायला तिनं दोन दिवस पुण्याच्या तीन टेबलांवर पाठपुरावा केला. (टेबलं तिकडेही असतात, हे ऐकून मला बरं वाटलं.) शुक्रवारी मंदार साहेबांसमोर खुलासा द्यायचा होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कायम करण्याचा निर्णय. म्हणजे नेमकी नको ती वेळ. ती वरून दिसायला शांत होती, पण मंगळवारपासून तिनं डबा तसाच परत नेला होता. ते पाहून मला माझ्या अपमानाचाही विसर पडला. बरं वाटावं म्हणून मी तिच्यासाठी खुलासा तयार केला: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर त्रुटी तांत्रिक स्वरूपाची असून त्यास कोणीही व्यक्तिशः जबाबदार असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येत नाही.’ या एका वाक्यानं मी तीन तहसीलदार वाचवले आहेत.

बुधवारी दुपारी आम्ही वरच्या खोलीत बसलो, मी, रत्नप्रभा आणि ती. ती एकेक रेकॉर्डिंग लावत होती. माणसं बोलत होती, कापूस वेचणीचं सांगत होती, घरच्या लग्नाचं सांगत होती. बारा-पंधरा ऐकली. सगळे ‘येणार’ म्हणून नोंदलेले आणि सगळे अगदी स्पष्ट ‘नाई जमत’ म्हणणारे! यंत्र बहिरं आहे की काय, हे कळेना. त्यात रत्नप्रभेला माझ्या ‘कृपया होय किंवा नाही’वर हसू आवरेना. एका म्हातारीनं तर फोनवर मला ‘अगाऊ’ म्हटलं होतं. ते ऐकून रत्नप्रभा पदर तोंडाला लावून इतकी हसली, की माझा संयम सुटला.

मुस्काननं तेवढ्यात प्रोग्राम तपासायला सुरू केला होता आणि समोर माईक चालू होता. पडद्यावर प्रश्न होता, उद्या येणार का. मी उठलो.

“हसा! मी या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आजच काय, उद्याही नाही, कधीच नाही! येतो!”

आणि दाराकडे वळलो. मागून माझाच आवाज शांतपणे म्हणाला, “धन्यवाद. आपली नोंद झाली.”

वळून पाहिलं, तर पडद्यावर लिहून आलं होतं: *उत्तर – येणार.*

मुस्कान खुर्चीवरून उठली, “या अल्ला!” म्हणाली आणि दोन्ही हातांनी डोकं धरून पुन्हा बसली. “काका, तुम्ही काय म्हणालात आत्ता? शेवटी काय म्हणालात?”

“मी निघालो म्हणून ‘येतो’ म्हणालो. ‘जातो’ कसं म्हणू?”

तिनं भराभर रेकॉर्डिंगांचे फक्त शेवट लावले. “नाई जमत भाऊ, कापूस वेचून राह्यलो. बरं, येतो.” “पोरीकडं जा लागते उमरखेडले. येते बाप्पा.” “एवढ्या खेपेले नाई. येतो मंग.” दोनशे चौदा माणसं एकामागोमाग एक नम्रपणे निरोप घेत होती. त्या गोड बाईचा फोन लोक नुसता कापत. पण नीळकंठरावांचा फोन असा कसा कापायचा? ओळखीच्या वडील माणसाला ‘येतो’ म्हटल्याशिवाय उठू नये, ही आपली रीत. रागावलेल्या श्रावणनंसुद्धा फोन ठेवताना ‘येतो’ म्हटलं होतं. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवणार नाही. माजलेल्या माणसाला कुणी इतक्या अदबीनं निरोप देत नाही.

संध्याकाळी जफरभाईंना सांगितलं, तर ते गॅरेजच्या फळीवर बसून हसले. “मले इचारलं असतं त! ट्रकवाला ‘आता हूं, उस्ताद’ म्हणते, तवाच मी समजतो का हा आता डायरेक्ट हैदराबादलेच दिसन. अन् बेटा, हेही लिहून ठेव, दुकान बंद केलं त आपण ‘वाढवलं’ म्हणतो. तुमचं मशीन म्हणन, वा, धंदा लयच जोरात हाय!” मुस्काननं खरोखरच वही काढली आणि लिहून घेतलं.

शुक्रवारी मिटिंग. मी माझा खुलासा टंकलिखित करून तिच्या हातात दिला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा कोपऱ्यात बसलो. मंदार साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. “मुस्कान, आवाज ओळखणारा भाग आपण बाहेरच्या कंपनीकडून घेतलाय. त्याला वऱ्हाडी कळत नाही, असं लिहू. विषय संपला.”

मी कोपऱ्यातून जोरजोरात मान हलवली. चौतीस वर्षांचा अनुभव सांगतो, वरिष्ठ स्वतः छत्री धरत असेल तर खाली उभं राहावं.

“नाही सर,” मुस्कान म्हणाली. “त्यानं शब्द बरोबर ऐकला. शेवटचं उत्तर खरं धरायचा नियम माझा आहे. चूक माझी आहे. कशी झाली आणि कशी दुरुस्त करायची, ते मी लिहून पाठवलंय. शिबिर परत घेऊ द्या.”

माझा टंकलिखित कागद तिच्या ‘चुका’ वहीखाली दबून पडला होता. मला त्या क्षणी स्वतःची थोडी लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला. तीन तहसीलदारांना मी वाचवलं होतं, पण त्यांच्यातल्या एकालाही असं उभं राहताना पाहिलं नव्हतं.

मग मंदार साहेबांनी विचारलं, “तुमच्याकडे निघताना ‘जातो’ कुणीच म्हणत नाही?”

“तुमच्याकडे म्हणतात का सर?”

“नाही,” ते म्हणाले. “आई म्हणू देत नाही.” मग स्वतःशीच म्हणाले, “सतरा जणांनी तपासलं हे. सतराही जण रोज घरातून निघताना ‘येतो’ म्हणून निघतात.” आणि ते एकदम हसायला लागले. मी कोपऱ्यात असल्याचं विसरून मोठ्यानं हसलो, तेव्हा त्यांनी विचारलं, “हा यादीवाला आवाज ना?”

तिसऱ्या रविवारी शिबिर परत झालं. मला पुन्हा रजईखाली जावं लागलं, पण डिसेंबर असल्यामुळे ते सुखाचं होतं. या वेळी फोनच्या सुरुवातीलाच मी सांगत होतो, “हा आधी भरून ठेवलेला आवाज आहे. माझा गुडघा बरा आहे, घरी सगळे मजेत आहेत.” हे वाक्य मुस्काननं घातलं, मी सांगितलं नव्हतं. आणि माणूस ‘येतो’ म्हणाला की मी नम्रपणे विचारत होतो, “आपण निघत असाल तर एक म्हणा. खरोखर येणार असाल तर दोन म्हणा.” शहाण्णव जण दोन म्हणाले. एक्क्याण्णव आले. श्रावण पहिल्या रांगेत बसला होता आणि त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावून खात्री करून घेतली. देवीलालनं मात्र सावधगिरी म्हणून पन्नासच खुर्च्या आणल्या होत्या, त्यामुळे या खेपेला अर्धे लोक उभे. यशालाही आमच्याकडे अशी काहीतरी खोच लागतेच.

एकतीस डिसेंबरला तिला कायम केल्याचं पत्र आलं. तिनं मला वाचायला दिलं. भाषा अगदीच साधी होती, ‘आदेशान्वये’ नाही, काही नाही. पण त्यात एक ओळ होती, की यापुढे कंपनीतल्या प्रत्येक नव्या माणसानं मुस्कानसारखी चुकांची वही ठेवावी. शेवटी लिहिलं होतं, की असेच बोलीतले शब्द गोळा करणारा नवा गट पुण्यात सुरू होतो आहे; तिनं जानेवारीत तिकडे रुजू व्हावं.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

ती निघाली त्या सकाळी सगळी गल्ली बसस्टँडवर होती. नागपूरची एसटी लागली होती. जफरभाई बसच्या इंजिनाला कान लावून उभे होते आणि ड्रायव्हरला सांगत होते, “वाल्व आवाज करून राह्यला. हळू ने, पोरगी हाय आत.” विमलताईंनी तिला नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं दिलं, पुण्यात काही वाळत घालायला लागलं तर. नसरीनभाभी आणि रत्नप्रभा एकमेकींचे डोळे पुसत होत्या. मुस्काननं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

“काका, येते.”

तीस वर्षं तालुक्याच्या माईकवर बोललेला मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, काहीच नाही. बस हलली. मग कुठूनतरी सेहेचाळीस वेळा घोटलेला तो आवाज आपोआप बाहेर आला.

“आपण निघत असाल तर एक म्हणा. खरोखर येणार असाल तर…”

तिनं खिडकीतून हात काढून दोन बोटं दाखवली. आतून कंडक्टर ओरडला, “हात आत घ्या मॅडम! अन् दोन कोण हाय? तिकीट त एकच हाय!” बस वळली तरी दोन बोटं बाहेरच होती. मग ती हायवेला लागली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मला लांबचं नीट दिसेनासं झालं.

जफरभाई शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे हात ऑईलचे होते, म्हणून त्यांना डोळे पुसता येत नव्हते.

“भाऊ, दोनच दाखोले ना तिनं?”

“दोनच.”

“नोंद झाली?”

“झाली,” मी म्हणालो. “नोंद झाली.”